मेल जाईना झाल्यात

सप्टेंबर २०२४ चा शेवटचा सोमवार. शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या फाउंड्रीत सकाळची पहिली हीट पडायच्या आत एक्स्पोर्टच्या मॅडमचा फोन आला. "सर, मेल जाईना झाल्यात. जर्मनीच्या पार्टीला कोटेशन तीनदा पाठवलं, तीनदा परत आलं." मी नेहमीचं ठेवणीतलं उत्तर दिलं, अटॅचमेंट मोठी असेल, पीडीएफ लहान करून पाठवा. अर्ध्या तासात पर्चेसचा तोच सूर, मग अकाउंट्सचा. तेव्हा मात्र चहा तसाच ठेवून सर्व्हरच्या खोलीत गेलो.

खोली कसली, पॅटर्न स्टोअरच्या शेजारचं कपाटवजा दालन. आमचा मेल सर्व्हर तिथंच आहे. लिनक्सवर पोस्टफिक्स हे मेल पाठवणारं सॉफ्टवेअर, मागे लीज लाइन, तिच्यावर एक स्टॅटिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा कधी न बदलणारा पत्ता. दर मेलबॉक्समागं दर महिन्याला भाडं भरायचं हे मालकांना कधी पटलं नाही, म्हणून दहा-अकरा वर्षं हा संसार आम्ही घरातच चालवतो. आणि 'आम्ही' म्हणजे मी एकटाच. प्रिंटर, सीसीटीव्ही, हजेरीचं मशीन आणि मेल, सगळं माझ्याच गळ्यात.

लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, उघडला तर दर दोन-तीन ओळींआड तेच. ५५४ ५.७.१, सर्व्हिस अनअव्हेलेबल, क्लायंट होस्ट ब्लॉक्ड, आणि पुढे झेन डॉट स्पॅमहाउस डॉट ऑर्ग. म्हणजे स्पॅमहाउस या संस्थेच्या, स्पॅम पाठवणाऱ्या पत्त्यांच्या यादीत आमचा आयपी गेला होता. पाचशेच्या घरातला आकडा म्हणजे कायमचा नकार, मेल त्याच क्षणी बाउन्स, म्हणजे परत. चारशेच्या घरातला म्हणजे 'आत्ता नको, नंतर या'. तसे मेल पोस्टफिक्स रांगेत ठेवून पाच दिवस प्रयत्न करत राहतो. आमच्या रांगेत तसेही साठेक मेल लटकलेले होते. पाठवणाऱ्यांना ते गेल्यासारखेच वाटत होते, हे अधिक वाईट.

ज्यांना या याद्यांशी कधी काम पडलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. १९९७ च्या सुमारास पॉल व्हिक्सी आणि मंडळींनी स्पॅम पाठवणाऱ्या पत्त्यांची यादी करायला सुरुवात केली आणि नंतर ती डीएनएसमधूनच, म्हणजे नावावरून आयपी सांगणाऱ्या इंटरनेटच्या यंत्रणेतूनच, विचारता येईल अशी सोय काढली. युक्ती साधी आहे. समजा समोरच्याचा आयपी २०३.०.११३.२५ आहे. तो उलटा लिहायचा, २५.११३.०.२०३, त्याच्यापुढे यादीचं नाव जोडायचं आणि डीएनएसला विचारायचं. 'असा पत्ता नाही' असं उत्तर आलं तर माणूस स्वच्छ. १२७.०.० ने सुरू होणारं उत्तर आलं तर नाव यादीत आहे, आणि शेवटचा आकडा कोणत्या यादीत ते सांगतो. १९९८ मध्ये सुरू झालेलं स्पॅमहाउस हेच करतं. त्यांचं झेन म्हणजे चार-पाच याद्यांची एकत्र मोळी. जगातले असंख्य मेल सर्व्हर आलेला मेल दारात घ्यायच्या आधी तिथं विचारतात. तुम्हाला अडवतो तो समोरचा सर्व्हर. यादी फक्त विचारलं तर सांगते.

मीही विचारून पाहिलं, आणि पहिल्याच घासाला खडा लागला. उत्तर आलं १२७.२५५.२५५.२५४. हा आकडा कुठल्याच तक्त्यात बसेना. पाऊण तास मला वाटत होतं की आपण काहीतरी भयंकर वेगळ्याच यादीत गेलोय. नंतर कळलं, मी गुगलच्या ८.८.८.८ या रिझॉल्व्हरमधून, म्हणजे आपल्या वतीनं डीएनएसला विचारणाऱ्या सर्व्हरमधून, विचारत होतो. सार्वजनिक रिझॉल्व्हरमधून आलेल्या प्रश्नांना स्पॅमहाउस असं उत्तर देतं. अर्थ एवढाच, की इथून विचारू नका, स्वतःच्या रिझॉल्व्हरमधून या. आला तसा परत जाऊन सर्व्हरवरच्याच रिझॉल्व्हरला विचारलं. उत्तर, १२७.०.०.४. म्हणजे एक्सबीएल. व्हायरस लागलेली, कुणीतरी परस्पर वापरत असलेली यंत्रं या यादीत जातात.

इथं मी केलेला मूर्खपणा सांगितलाच पाहिजे. त्यांच्या संकेतस्थळावर आयपी तपासायचा रकाना आहे. खाली भरपूर मजकूर येतो आणि शेवटी नाव काढण्याची सोय. मी मजकूर वाचलाच नाही. ईमेल दिला, पुष्टीची लिंक दाबली आणि दुपारपर्यंत आयपी बाहेर. रांगेतले मेल सटासट गेले. मालकांना सांगितलं, "झालं साहेब, किरकोळ होतं."

मंगळवारी सकाळी परत १२७.०.०.४.

आता मालक माझ्या खुर्चीमागं उभे. "कुणाला तरी फोन लाव की. आपली बाजू सांग. ओळख काढ कुणाची तरी." कोल्हापुरात कुठलंही काम अडलं की आधी ओळख निघते, पण इथं ओळख कुणाची काढणार? फोन नंबरच नाही. मग म्हणाले, "पैसे भरून टाक." स्पॅमहाउस नाव काढायचे पैसे घेत नाही, हे सांगितल्यावर त्यांचा त्या संस्थेवरचा विश्वास उलट कमी झाला असावा.

दबावाखाली मी दुसरी चूक केली. ऑफिसात एक जादा ब्रॉडबँड लाइन आहे, लीज लाइन पडली तर असावी म्हणून. मेल तिच्यावरून वळवला. म्हटलं पत्ता बदलला की प्रश्न मिटला. दोन मिनिटांत नकारांचा पाऊस, आणि या वेळी उत्तर १२७.०.०.१०. हे पीबीएल. ही यादी आरोपाची नाहीच. अमुक पत्ते घरगुती वा बदलत्या जोडण्यांचे आहेत, तिथून थेट मेल येणं अपेक्षित नाही, एवढंच ती सांगते. शेवटी दहा असेल तर ती नोंद खुद्द इंटरनेट कंपनीनं दिलेली, अकरा असेल तर स्पॅमहाउसनं स्वतः केलेली. म्हणजे ज्या कंपनीला आम्ही महिन्याला पैसे मोजतो तिनंच आमच्या पट्ट्याची नोंद केली होती, आणि ते बरोबरच होतं. आता एकाच्या जागी दोन पत्ते यादीत. दुसऱ्यासाठी मी काही केलं नाही. त्या लाइनवरून मेल पाठवायचा नाही एवढं ठरवून टाकलं, आणि आजही पाठवत नाही.

मग एकदाचा बसून तो मजकूर वाचला. त्यात सगळं होतं. शेवटचा पुरावा केव्हा मिळाला, त्या वेळी आमच्या आयपीनं स्वतःचं नाव काय सांगितलं, हे स्वच्छ लिहिलेलं. वेळ २१:१०. मी लॉगमध्ये रात्री नऊ-दहाची वेळ पाहिली, डिस्पॅचच्या दोन इन्व्हॉइसशिवाय काही नाही. म्हटलं, बघा, यांचंच चुकतंय. तेवढ्यात लक्षात आलं, ही वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ आहे. साडेपाच तास मिळवा, पहाटेचे दोन चाळीस. त्या वेळचा लॉग तर आणखी कोरा. बॅकअपची एक ओळ, बस्स.

आणि तेच उत्तर होतं, फक्त मला कळायला वेळ लागला. दोन सर्व्हर भेटतात तेव्हा पहिला 'हेलो' म्हणून स्वतःचं नाव सांगतो. त्या मजकुरातलं नाव आमच्या सर्व्हरचं नव्हतंच, कुठलातरी अर्थहीन अक्षरांचा गुच्छ होता. मेल पोस्टफिक्समधून गेलाच नव्हता तर लॉगमध्ये दिसणार कुठून? आमच्याकडं सगळ्या फॅक्टरीचं इंटरनेट त्याच एका आयपीमागून बाहेर पडतं. आतल्या कुठल्याही कॉम्प्युटरनं बाहेर घाण केली तरी बाहेरच्याला दिसतो तो सर्व्हरचाच पत्ता.

फायरवॉलवर नियम टाकला. पोर्ट पंचवीस, म्हणजे मेल सर्व्हर एकमेकांना मेल देतात तो दरवाजा, तिथून बाहेर जायला फक्त मेल सर्व्हरला परवानगी, बाकीच्यांना बंदी, आणि बंदी मोडणाऱ्याची नोंद. हा नियम पहिल्या दिवसापासून हवा होता. दहा वर्षं नव्हता. नोंदवही उघडून बसलो तर दहा मिनिटांत एकाच आतल्या पत्त्यावरून हजारावर प्रयत्न. पण तो पत्ता कुणाचा? ऑफिसातल्या प्रत्येक मशीनवर मी नंबर चिकटवलेत, त्यात हा नाही. शेवटी सगळ्या केबल जिथं जोडल्यात त्या स्विचवर त्याचा मॅक पत्ता, म्हणजे मशीनचा हार्डवेअर क्रमांक, शोधला, चौदा नंबरचं पोर्ट निघालं, तिथून केबल हाताने धरून मागं मागं गेलो. ती भिंतीतून बाहेर पडून गेटकडं निघालेली.

वजनकाटा! स्क्रॅपचे ट्रक आत येताना नि जाताना जिथं वजन होतं त्या केबिनमध्ये विंडोज सेव्हनचा एक कॉम्प्युटर, धुळीनं मूळ रंग ओळखू येईना असा. विंडोज सेव्हनचा सपोर्ट जानेवारी २०२० मध्येच संपलाय. काट्यावरचे मामा तिथं वीस वर्षं आहेत. मी केबलला हात घातला तसे म्हणाले, "साहेब, ह्येला हात लावू नका बघा. काट्याचं सॉफ्टवेअर फकस्त ह्येच्यावरच चालतंय." खरंच होतं ते. पण त्याच मशीनवर ट्रक ड्रायव्हर पेनड्राइव्ह लावून गाणी भरून घ्यायचे हेही मामांनीच कौतुकानं सांगितलं. टेबलावर एक निळा पेनड्राइव्ह होता, कुणा ड्रायव्हरचा राहिलेला. तो मी खिशात टाकला आणि नेटवर्कची केबल काढून घेतली. पावती छापायला नेटवर्क लागत नाही, काटा चालू राहिला.

त्यानंतर पुन्हा नाव काढायची विनंती केली, या वेळी सगळं वाचून. संध्याकाळी बाहेर. दुसऱ्या दिवशी बाहेर. तिसऱ्या दिवशीही. आठ दिवस सुखाचे गेले आणि दसऱ्याच्या तोंडावर परत बाउन्स.

या वेळी १२७.०.०.३, म्हणजे सीएसएस, जिथून स्पॅमसारखे मेल येतात अशा पत्त्यांची यादी. आणि या वेळी लॉग कोरा नव्हता, ओसंडून वाहत होता. स्टोअरच्या खात्यानं एका रात्रीत नऊ हजारांवर मेल पाठवले होते. लॉगिन तीन वेगवेगळ्या खंडांतून, सगळे बरोबर पासवर्ड देऊन. पासवर्ड होता कंपनीचं नाव, ॲट आणि एकदोनतीन. तो मीच कधीतरी घाईत दिला होता, 'नंतर बदला' असं सांगून.

पासवर्ड बदलला, तरी मेल जातच राहिले. क्षणभर घाम फुटला. कारण साधं होतं. जे मेल सर्व्हरनं आधीच स्वीकारून रांगेत घेतलेत त्यांना पासवर्डशी काही देणंघेणं उरत नाही. शिवाय आधीच लॉगिन होऊन बसलेली जोडणी तोडल्याशिवाय तुटत नाही. पोस्टफिक्स थांबवला आणि रागाच्या भरात अख्खी रांग पुसली. त्या खात्याचे तेवढे निवडून पुसता येतात, तो जास्तीचा पाच मिनिटांचा धीर मला नव्हता. त्या साफसफाईत मालकांनी बँकेला पाठवलेले तीन मेलही गेले. ते त्यांना कळायला चार दिवस लागले. पुढचं इथं लिहीत नाही.

मग सगळ्यांचे पासवर्ड बदलले, अर्थात शिव्या खात. एका खात्यावरून तासाला शंभरपेक्षा जास्त मेल जाणार नाहीत अशी मर्यादा घातली. आता मला स्पॅमहाउसला पत्र लिहायचं होतं, कारण या खेपेला काय झालं आणि काय दुरुस्त केलं हे सांगून विनंती करायची होती.

माझा पहिला मसुदा वाचून आज हसू येतं. आमची कंपनी इतक्या सालची, इतके कामगार, निर्यात करतो, जिल्ह्यात नाव आहे, दिवाळी तोंडावर आहे, तरी मेहेरबान साहेबांनी सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा. इंग्रजीत लिहिलेला, पण तहसीलदाराला द्यायचा अर्जच तो. पाठवण्याआधी एकदा वाचला आणि स्वतःलाच विचारलं, समोर बसलेल्या माणसाला यातलं नेमकं काय कामाचं आहे? एकही वाक्य नाही. दुसरा मसुदा सहा ओळींचा झाला. अमुक तारखेला अमुक वेळेपासून, यूटीसीत, एका खात्याचा पासवर्ड चोरीला गेला. त्यातून अंदाजे इतके मेल गेले. खातं बंद केलं, रांग रिकामी केली, पासवर्ड बदलले, तासाची मर्यादा लावली, पंचवीस नंबरचं पोर्ट बाकी मशीनना बंद आहे. वजनकाट्याचा उल्लेखही केला, कारण आधीची नोंद त्यांना दिसतच असणार. कुठंही 'चुकून' लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी नाव निघालं.

पण तोवर बाकीच्यांचं मन आमच्याविषयी कलुषित झालेलं. प्रत्येक मोठ्या मेल कंपनीची स्वतःची आतली यादी असते, ती बाहेरून विचारता येत नाही. एका मोठ्या कंपनीनं आमचा अर्ज यंत्राकरवीच फेटाळला, आपण सवलतीस पात्र नाही असं दोन ओळींत कळवून. मी त्याच उत्तराला उत्तर लिहिलं, तीच सहा ओळींची हकिकत. दीड दिवसानं माणसानं लिहिल्यासारखा मेल आला, आणि बंदी सैल झाली. यंत्राच्या नकारावर थांबलो असतो तर अजून तिथंच असतो.

आणखी एक यादी होती, तिचं नाव घेत नाही. ती म्हणाली पैसे भरा, आत्ता काढतो, नाहीतर ठरलेले दिवस वाट बघा, आपोआप निघेल. मालकांना ही पद्धत पहिल्यांदाच ओळखीची वाटली, पाकीट काढायला निघाले होते. मी लॉग तपासला, आमचा एकही मेल त्या यादीचं नाव सांगून परत आलेला नव्हता. म्हटलं राहू दे. फुकट तपासणी करून देणाऱ्या संकेतस्थळांवर ऐंशी-नव्वद याद्या हिरव्या-तांबड्या दिसतात, त्यातल्या बहुतेक कुणी विचारतही नाही. बाउन्समध्ये जिचं नाव येतं तीच खरी. माझ्या जुन्या स्क्रिप्टमध्ये तर सॉर्ब्सही होती, ती यादी जून २०२४ मध्येच बंद झालेली. मेलेल्या यादीला आपला सर्व्हर विचारत राहिला तर एखाद दिवशी भलतंच उत्तर येऊन आपलाच येणारा मेल अडेल, म्हणून ती ओळ काढली.

सगळ्यात जास्त दिवस खाल्ले ते रिव्हर्स डीएनएसनं. नावावरून आयपी मिळतो तसा आयपीवरून नावही मिळायला हवं, त्या नोंदीला पीटीआर म्हणतात, आणि ती करतो आयपीचा मालक, म्हणजे इंटरनेट कंपनी. आमच्या आयपीचं नाव आकड्यांची माळ होतं, तेही इंटरनेट कंपनीच्या नावावर. एवढी वर्षं चाललं. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलनं नियम कडक केले. प्रत्येकाला एसपीएफ (आपल्या नावानं कुठल्या सर्व्हरनी मेल पाठवायचा त्याची यादी) नाहीतर डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) हवं, पीटीआर नीट हवा, आणि दिवसाला पाच हजारांवर मेल जीमेलला पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क (या तपासणीत नापास झालेल्या मेलचं काय करायचं ते सांगणारी नोंद) तिन्ही. आम्ही कुठले पाच हजारवाले, पण पीटीआर चुकवता येत नव्हता.

कॉल सेंटरला फोन केला. "सर, राउटर बंद करून चालू केलात का?" दुसऱ्यांदा, "सर, आपलं नेट तर चालू दिसतंय." तिसऱ्यांदा एका मुलानं प्रामाणिकपणे विचारलं, "सर, रिव्हर्स डीएनएस म्हणजे काय असतं?" त्याच्यावर मी चिडलो नाही. वर्षापूर्वी मलाही कुठं धड माहीत होतं. मग लेटरहेडवर, सही-शिक्क्यानिशी, स्कॅन करून पत्र मागितलं. शिक्का पुसट आलाय म्हणून परत आलं. एकूण बारा दिवस. एके रात्री सहज तपासलं तर आमच्या मेल सर्व्हरचं नाव तिथं झळकत होतं, आणि त्या नावावरून परत तोच आयपी. कुणी कळवलंही नाही.

एसपीएफमध्ये एक जुना होस्टिंगवाला अजून बसलेला होता, त्याला उठवलं. डीकेआयएमची २०४८ बिटांची किल्ली डीएनएसमध्ये बसेना, कारण तिथं एका ओळीत २५५ अक्षरंच मावतात. ती दोन तुकड्यांत टाकली. डीमार्क सध्या नुसतं बघत बसायच्या मोडवर ठेवलंय.

ऑक्टोबर सरता सरता जर्मनीच्या पार्टीचं उत्तर आलं, कोटेशन मिळालं म्हणून. दर मान्य नव्हते, पण ते माझं खातं नाही. पैसे मागणाऱ्या यादीतून नाव दिवस भरल्यावर निघून गेलं, मी पाहिलंसुद्धा उशिरा. आता रोज सकाळी सात वाजता सर्व्हर स्वतःच स्वतःचा पत्ता झेनला विचारतो, स्वतःच्याच रिझॉल्व्हरमधून, आणि 'असा पत्ता नाही' हे उत्तर मला पाठवतो.

काट्यावर नवा कॉम्प्युटर बसवला. सॉफ्टवेअरवाल्यानं नवी आवृत्ती द्यायला पंधरा हजार घेतले. त्याला नेटवर्क दिलंय पण वेगळं, सर्व्हरपासून तोडलेलं, आणि यूएसबीचे खाचे बंद केलेत. मामांना ते फारसं पटलेलं नाही. परवा गेटातून आत येताना त्यांनी हाक मारली, "साहेब, तो निळा पेनड्राइव्ह दिलासा न्हाई अजून. गडहिंग्लजचा ड्रायव्हर दर खेपंला इचारतोय."

तो माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. कुठल्याही मशीनला लावायचं धाडस अजून झालेलं नाही.